सात डब्यांचा आडोसा

झाडं का लावावीत, यावर आम्ही शाळेत दरवर्षी निबंध लिहीत असू. सावलीसाठी, फळांसाठी, फुलांसाठी आणि पाऊस पडावा म्हणून, अशी चार कारणं मास्तर फळ्यावर लिहून देत. पाचवं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि पुढे आयुष्यात तेच उपयोगी पडतं. समोरच्याला आपण दिसू नये, म्हणूनही माणूस झाड लावतो. मास्तर चाळीत राहत. तिथे गॅलरीत कुंडी ठेवायची तर घरातल्या एका माणसाला बाहेर उभं राहावं लागलं असतं. त्यामुळे हे कारण त्यांना सुचलं नसावं.

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. 'आड' हा शब्द जिथे लागला तिथे त्याने घोटाळाच करून ठेवला आहे. आडमुठा, आडदांड, आडकाठी, आडवळण! एखाद्याची स्तुती करायची तर 'त्याच्याकडे आडपडदा म्हणून नाही हो' असं आपण म्हणतो. 'आडोसा' त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचा शब्द, पण तोही आपण ज्या कामासाठी शोधतो ते काम चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. बरं, आडपडदा वाईट म्हणावा, तर उलट टोकाला 'चव्हाट्यावर आणणं' हीदेखील शिवीच आहे. म्हणजे मराठी माणसाला पडदाही नको आणि चव्हाटाही नको. या दोहोंच्या मध्ये नेमकं किती उंचीचं झुडूप बसतं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मुंबईचा माणूस निवृत्त झाला की त्याला एकांत हवा असतो, आणि तो लोकलने दोन तासांच्या आत असावा, अशीही त्याची अपेक्षा असते. त्या हिशेबाने आम्ही कर्जतला आलो. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत, मधून उल्हास नदी वाहते आहे. आणि आमच्या ओट्यावर बसलं की यातलं दिसतं काय, तर समोरच्या काकूंचा ओटा! बैठ्या घरांच्या दोन रांगा समोरासमोर, मध्ये नऊ फुटांची वाट. त्या नऊ फुटांपलीकडे काकू खुर्ची टाकून बसलेल्या असतात. वय अठ्ठ्याहत्तर, मुलगा बंगलोरला, घरात त्या आणि तुळस.

काकूंची नजर वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. वाईट नजरेवर मिरच्या ओवाळता येतात. चांगल्या नजरेवर इलाज नाही. "आज दाढी नाही का केली?" "काल दोनदा चहा झाला वाटतं!" "पेपर हातात होता, पण तुम्ही वाचत नव्हतात." हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. पेपर हातात धरून न वाचणं हा माझ्या निवृत्त आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद आहे, आणि त्याला साक्षीदार नको असतो.

इथे लगेच एक आवाज उठतो. "लपवण्यासारखं काही नसेल, तर आडोसा हवा कशाला?" प्रश्न मोठा बिनतोड वाटतो. पण मला सांगा, दार लोटून घेतल्यावर तुम्ही आम्ही करतो काय? बहुतेक वेळा काहीच करत नाही. बनियनवर बसतो, पाठ खाजवतो, छताकडे बघतो. आणि हे 'काहीच न करणं' लोकांसमोर करता येत नाही. चारचौघांत पाच मिनिटं स्वस्थ बसून बघा. कोणी तरी येऊन विचारणारच, "बरं वाटत नाही का?" मग आपण बरं असल्याचा अभिनय करू लागतो. दिसत असलेला माणूस सतत कोणी तरी 'असतो': कोणाचा बाप, कोणाचा शेजारी, माजी हेडक्लार्क. अर्धा तास कोणीच नसायला मिळावं, यासाठी माणसाला आडोसा लागतो. त्याने काही लपवलेलंच असलं पाहिजे, असं नाही.

हा प्रश्न काही आजचा नाही. जुनी माणसं तो खाकरून सोडवीत. मागच्या दाराने आत येणारा वडीलधारा माणूस चार पावलं आधी खाकरायचा. आतल्या बायकांना पदर सावरायला तेवढा वेळ पुरे होई. चाळीत दोन बिऱ्हाडांमध्ये लाकडी पार्टिशन असे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर अजून काही घरांना कारवीच्या काठ्यांचे, शेणमातीने लिंपलेले कुड आहेत. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते म्हणून तिचं कौतुक होतं. पण तिच्या कुडातून पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येतो. अशा ठिकाणी भिंत अर्धंच काम करते. उरलेलं काम पलीकडच्या माणसाला करावं लागतं. ऐकलेलं ऐकलं नाही असं दाखवायचं! कर्जत लोकलमध्ये तर भिंतीचा प्रश्नच नसतो. अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं टाकून बदलापूरपर्यंत झोपणारे आहेत, आणि तो खांदेकरी खिडकीबाहेर बघत राहतो. हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नाही.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १८८२ च्या 'इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट'च्या अठराव्या कलमाखाली एक उदाहरण दिलेलं आहे. शेजाऱ्याच्या खासगीपणाला बाध येईल अशी नवी खिडकी कोणी पाडू नये, अशी एखाद्या गावची रूढी असेल, तर तिथल्या घरवाल्याला तो हक्क मिळतो. १८८८ साली अलाहाबाद हायकोर्टाने असा रूढीचा हक्क मानला. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, तेही एकमताने. आमच्या सोसायटीत नऊ माणसांचं पाण्याच्या टाकीच्या झाकणावरसुद्धा एकमत होत नाही, तेव्हा हे किती अवघड काम असेल याची मला कल्पना आहे. पण हे सगळे हक्क खिडकी पाडणाऱ्याविरुद्ध किंवा सरकारविरुद्ध उपयोगी. काकूंनी खिडकी पाडली नव्हती. त्या आपल्या ओट्यावर आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, आणि डोळे उघडे ठेवून बसणं हा त्यांचाही हक्कच होता. तेव्हा कोर्ट बाद.

भिंतही बाद. खालापूरच्या बाजूला आमच्या एका स्नेह्यांनी एक्स्प्रेस-वेला जवळ म्हणून बंगला बांधला आहे. आठ फुटी भिंत, वर काचांचे तुकडे, लोखंडी फाटकावर 'मुक्तांगण' असं नाव. आत हिरवळीवर बसलं की पूर्वी तिथून नागफणीचं टोक दिसायचं. आता भिंत दिसते. शेजारी दिसू नये म्हणून भिंत घातली आणि सह्याद्री शेजाऱ्याबरोबर बाहेर राहिला. शिवाय भिंतीवर कॅमेरे आहेत. रस्त्यावरून कोण गेलं ते त्यांना दिवाणखान्यात बसून दिसतं. म्हणजे स्वतः दिसायचं नाही, पण दुसरा दिसला पाहिजे! झुडूप या बाबतीत फार न्यायी. ते जितकं मला काकूंपासून झाकतं, तितकंच काकूंना माझ्यापासून झाकतं. त्यात एकतर्फी काच बसवता येत नाही.

तेव्हा झुडूप ठरलं. पण ओट्यापुढे फरशी, फरशीखाली सांडपाण्याचे पाइप. खणायला बंदी. म्हणजे कुंड्या आल्या. नर्सरीवाल्याने अरेका पाम सुचवले आणि सात झाडं, सात कुंड्या, माती, मजुरी धरून साडेअकरा हजारांचा आकडा सांगितला. एवढ्या पैशांत मी माझी लाज मोकळी ठेवायला तयार होतो. मग 'ही' पुढे झाली. आमच्या घरात तत्त्वज्ञान माझ्याकडे आणि जमाखर्च हिच्याकडे आहे.

पहिला शोध हिचाच. "तुम्हांला उभं असताना लपायचंय की बसलेलं असताना?" विचार केला तेव्हा पटलं. उभा माणूस सार्वजनिक असतो. तो फाटक उघडायला, दूध घ्यायला, 'काय म्हणताय' म्हणायला उभा राहतो. खासगी माणूस तेवढा बसलेला असतो. आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून चार फुटांच्या आसपास येतं. म्हणजे डब्याचा सव्वा फूट धरला, तर झुडूप तीन फुटांचं पुरे. आठ फुटांचा खर्च एका प्रश्नात निम्म्यावर आला.

कुंड्यांऐवजी भंगारवाल्याकडून रंगाचे वीस लिटरचे सात डबे आणले, चाळीस रुपयांना एक. ओटा चौदा फुटांचा, दोन फुटांना एक डबा. प्रत्येकाच्या बुडाला पाच भोकं, भोकांवर खापरीचे तुकडे, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. तीन गोणी तांबडी माती, दोन गोणी शेणखत. तिसरा भाग भाताच्या तुसाचा. कर्जतला तुसाला तोटा नाही; इथल्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांना तर गावाचंच नाव आहे. गिरणीवाल्याने दोन पोती तूस फुकट दिलं, रिक्षाचे साठ रुपये पडले. तुसाने माती भुसभुशीत राहते आणि डबा हलका होतो. ही हलकेपणाची गोष्ट पुढे फार कामाला आली. डबे जमिनीवर न टेकवता विटांवर ठेवले. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भोकं बुजली तर डब्यात झाडाऐवजी बेडूक वाढायचे. एकूण खर्च आठशे रुपये. झाडं मात्र अजून व्हायची होती.

"फांद्या काकूंकडून आणू," ही म्हणाली. "त्यांची तगर बघा कशी आहे."

मी म्हटलं, "अगं, ज्यांच्यापासून आडोसा करायचा त्यांच्याकडेच?"

"मग काय झालं? जवळ पडतं."

जूनचा पहिला पाऊस झाला होता. आम्ही दोघं गेलो. काकूंनी विचारलं, "एवढ्या फांद्या कशाला गं?" मी घसा साफ करून 'शोभेला' असं काही तरी जुळवत होतो, तेवढ्यात हिने सांगून टाकलं, "आडोशाला, काकू. यांना ओट्यावर बनियनवर बसायचं असतं."

काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग कात्री आणली.

"मग तगरच ने. जास्वंद नको, ती वर जाते नि पायाशी उघडी पडते. कण्हेर तर अजिबात नको, विषारी असते, पोरंबाळं येतात. तगर खालपासून भरते. पेन्सिलीएवढी जाड घे, वीतभर. खालची पानं काढ, चीक पुसून टाक, निम्मी मातीत. आणि हातभर वाढली की शेंडा खुडायचा. जीव होत नाही, पण खुडायचा. त्याशिवाय बाजूला फुटत नाही."

एखाद्या माणसाने, आपल्याला वगळण्यासाठी घातलेल्या पडद्याचं कापड स्वतः निवडून द्यावं, शिवण कशी घालायची तेही सांगावं, असं मी आजवर पाहिलं नव्हतं. कोर्टाने दिलेला हक्क आणि काकूंनी दिलेल्या फांद्या यांत मोठा कोणता, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तगरीला तीन फूट व्हायला दीड वर्ष लागतं. तोवर काय करायचं? पहिल्या पावसाळ्यात त्याच डब्यांच्या कडेला घोसाळी लावली आणि छपरापर्यंत सुतळ्या ताणल्या. दोन महिन्यांत हिरवा पडदा झाला. पण वेल उजेडाकडे जातो, आणि उजेड काकूंच्या बाजूला. पानं आमच्याकडे, घोसाळी तिकडे. आडोसा आमचा आणि भजी त्यांची! त्या मात्र भज्यांची ताटली न चुकता इकडे पाठवीत. एकदा मीच न्यायला गेलो, तेव्हा म्हणाल्या, "कोण खातंय एवढी. एकटीसाठी कढई तापवायची म्हणजे." आणि लगेच विषय बदलला.

दुसऱ्या दिवाळीला तगर भरली. पांढरी चक्रं, दाट हिरवी पानं, पायापासून डोक्यापर्यंत. मी बनियनवर बसलो, पेपर हातात घेतला, वाचला नाही. नऊ न्यायाधीशांनी ज्याला मूलभूत म्हटलं ते मला आठशे रुपयांत मिळालं होतं.

पण कुंडीतल्या झुडपाची एक अट असते. जमिनीतलं कुंपण आपलं आपण जगतं. त्याची मुळं खोल जाऊन ओल शोधतात. डब्यातल्या मुळाला जायला जागा नसते. ऑक्टोबरपासून त्याला रोज पाणी लागतं आणि एप्रिल-मेमध्ये दोनदा. एक दिवस चुकलं की पानं माना टाकतात. एप्रिलमध्ये आम्हांला आठ दिवस पुण्याला लग्नाला जायचं होतं. सात डब्यांना पाणी कोण घालणार? सबंध रांगेत रोज सकाळ-संध्याकाळ घरी असणारी, न विसरणारी व्यक्ती एकच. भिंतीला शेजारी लागत नाही. आडोशाला मात्र ज्याच्यापासून तो केला त्याचाच आधार लागतो. आठ दिवस काकू आमच्या आडोशाच्या आत येऊन आडोसा जगवीत होत्या.

परत आलो तेव्हा झाडं टवटवीत. मी आभार मानायला गेलो. काकू म्हणाल्या, "त्यात काय. चार पावलं होतात. पण एक सांगू? पूर्वी तुमची दुधाची पिशवी कडीला दिसायची. साडेसहाला उचलली की मी म्हणायची, चला, दोघंही उठली. आता कळत नाही."

तक्रारीचा सूर नव्हता. मी घरी येऊन खुर्चीत बसलो, पण त्या दिवशी पेपर न वाचण्यातही लक्ष लागेना. रोज सकाळी कोणी तरी आपली मोजणी करीत होतं, आणि त्या मोजणीवर त्यांचाही दिवस सुरू होत होता. आणि मग उलटा विचार आला. काकूंच्या तुळशीपाशी संध्याकाळी सातला दिवा लागतो. तो आम्ही कधी 'पाहत' नव्हतो, तो दिसायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई घरात एकटी असते. एखाद्या संध्याकाळी तो दिवा लागला नाही, तर ते कळणार कोणाला? बंगलोरला?

माझ्या खासगीपणाचा हक्क खरा. काकूंना कोणी तरी दिसत राहावं, ही त्यांची गरजही खरी. दोन्हींना एकाच चौदा फुटांत बसवायचं होतं. तत्त्वज्ञानात याला फार मोठाली नावं आहेत आणि त्यावर फार मोठाले ग्रंथ आहेत. हिने बाजारातून गॅसच्या सिलिंडरखाली ठेवतात ती चाकांची ट्रॉली आणली. तीनशे रुपये. मधला, म्हणजे चौथा डबा विटांवरून उचलून तिच्यावर ठेवला. तूस घातलेलं असल्यामुळे माझ्यासारख्यालाही तो पायाने ढकलता येतो. सकाळी दूध घेताना तो बाजूला सरतो, संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लागेपर्यंत पुन्हा एकदा सरतो. मधला दिवस माझा.

यातून मला जे कळलं ते एवढंच. आडोसा चांगला की वाईट, हे त्याच्या उंचीवर ठरत नाही. तो आपल्या हाताने उघडता येतो की नाही, यावर ठरतं. कडी आतून असली तर तिला खोली म्हणतात, बाहेरून असली तर कोठडी. भिंत एकदा घातली की दोन्ही बाजूंना सारखीच पक्की होते. घालणाऱ्यालाही ती पाडायचा धीर होत नाही. डबा रोज सरकवावा लागतो. आज मला दिसायचं आहे की नाही, हे रोज ठरवावं लागतं, आणि रोज निदान दोनदा तरी 'हो' असं ठरतं.

हल्ली आमच्या रांगेतले लोक आडोशाचा कानमंत्र विचारायला येतात. मी सगळा हिशेब देतो. सात डबे, तीन गोणी माती, दोन गोणी खत, तूस, साठ रुपये रिक्षा, एक ट्रॉली. अकराशे रुपयांत काम. ते लिहून घेतात आणि विचारतात, "आणि झाडं? कोणत्या नर्सरीतून?"

मी सांगतो, झाडं नर्सरीतून आणू नका. ज्या घरापासून आडोसा करायचा आहे, त्याच घरी जा आणि फांद्या मागा. मिळाल्या तर आडोसा चांगला होईल. नाही मिळाल्या, तर आधी चार दिवस तिथे चहाला जा.